कमानी किती पडल्या

संगमरवराच्या पाटीवर चार ओळी मावतील,
ओरेस्ते पाथरवट म्हणाला.
अक्षरामागे पैसे घेतो तो, आकड्यांचे निराळे.
"तारीख तेवढी पक्की करून द्या, मास्तर.
एकदा छिन्नी लागली की खाडाखोड नाही."

म्हणून तीन आठवडे बसलोय
कोर्ते ग्यारा नगरपालिकेच्या तळघरात,
पाठ भिंतीला, भिंत पो नदीच्या ओलीला टेकलेली.

विमानतुकडीची रोजनिशी म्हणते:
बारा जुलै, सकाळी नऊ चाळीस, विमानं अठरा,
हवा स्वच्छ, पूल उद्ध्वस्त.
खाली सही, झोपेत केल्यासारखी.
तेरा जुलै: पूल उद्ध्वस्त.
सतरा जुलै: तोच पूल, पुन्हा उद्ध्वस्त.
एक पूल मरतो तरी किती वेळा?

फादर सेव्हेरीनोंच्या दफनवहीत
चौदा तारखेला अकरा नावं.
शाई एकाच दौतीतली,
अक्षर मात्र सातव्या नावापासून कलंडलेलं.
पुलाबद्दल चकार शब्द नाही.
समासात एवढंच: घंटेला तडा गेला.

जर्मन इंजिनिअरची तार
मी शब्दकोश मांडीवर घेऊन लावली:
रहदारी चालू. रात्रीतून तीनशे चाळीस गाड्या पार.

कुणीतरी धडधडीत खोटं बोलतंय,
मी वहीत टिपलं
आणि खाली दोनदा रेघ मारली.

झेलिंदो नावाडी, नव्वदीला टेकलेला, ते वाचून हसला.
"अहो, अंधार पडला की होड्या जोडायचे ते
या काठापासून त्या काठापर्यंत, वर फळ्या.
पहाटे सोडायचे, वाळुंजांखाली दडवायचे.
सकाळी वरून बघणाऱ्याला पूल नाही.
रात्री वरून जाणाऱ्याला पूल आहे.
दोघांनाही खुशाल शपथ घालून विचारा."

आणि विमानं अठरा?
"चार." मग जरा थांबून,
"मासे कुणी मोजले नाहीत.
पांढरी पोटं वर करून आले, टोपल्याच्या टोपल्या.
तीन दिवस खाल्ले आम्ही.
सगळ्या युद्धात तेव्हाच काय ती आई म्हणाली,
आता पुरे."

पलीकडच्या ओट्यावरून आदाल्जीझा त्याला उडवून लावते.
"विमानांनी काय पाडलं? घरं पाडली.
पूल पाडला एप्रिलात, जाणाऱ्यांनीच, सुरुंग लावून.
मी पाहिलंय. एक कमान, दुसरी कमान,
तिसरी जरा विचार करून पडली."

तिचा भाऊ बारा तारखेला
पलीकडे दूध घालायला गेला होता.
की तेराला? ती भिंतीकडे बघत राहते.
"किटली सापडली तेव्हा दूध नासलं नव्हतं.
जुलैत दूध किती तास टिकतं,
तुम्हीच करा हिशेब."

हा पुरावा कुठल्या फायलीत लावू?
दफनवहीतलं सातवं नाव एवासियो, वय बारा.

काल पाणीमापकाची वही मिळाली, वाळवीच्या तोंडून सुटलेली.
नदीतल्या पट्टीवरची उंची तो रोज दुपारी तीनला लिहायचा.
दहा: दोन मीटर चौदा.
अकरा: दोन मीटर अकरा.
बाराला आकडा खोडून परत लिहिलाय, शेजारी बारीक अक्षरात:
सकाळी पाणी चार बोटं चढलं, मग उतरलं. कारण ठाऊक नाही.

तेरा, चौदा, पंधरा: ओळी आखलेल्या, कोऱ्या.
सोळापासून अक्षर दुसऱ्याच कुणाचं.

आज सकाळी ओरेस्तेचा फोन.
दगड आलाय म्हणे, करड्या शिरेचा, झकास.
मी म्हटलं, तारखेची जागा मोकळी ठेव.
पलीकडे बराच वेळ फक्त पाण्याचा नळ वाजत होता.
"मोकळ्या जागेचे पैसे मी घेत नाही," तो म्हणाला,
"पण ती घासून गुळगुळीत करावी लागते, मास्तर.
लिहिण्यापेक्षा त्यालाच वेळ जास्त लागतो."